अन्वा येथील महादेव मंदिर
अन्वा (ता. भोकरदन, जि. जालना) येथील 12 व्या शतकातील दगडी मंदिर. मंदिर उंच जोत्यावर उभे आहे. लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. पण हेमाद्री हा 13 व्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवांचा मंत्री, तेव्हा हे बांधकाम त्याच्या आधीचे.

आज गाभाऱ्यात शिवलिंग असले, तरी मंदिर मुळात विष्णूचे असावे. बाह्यभिंतींवर विष्णूच्या शक्तींची शिल्पे आहेत. शंख, चक्र, गदा, पद्म ही आयुधे हातांत असलेल्या या स्त्रीमूर्ती. आयुधांचा क्रम बदलला की शक्ती बदलते. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाने केवळ त्यांच्यासाठी इथवर यावे, इतके त्यांचे मोल आहे.

सभामंडपात कोरीव खांबांची दाटी आहे. छत कमानीवर पेललेले नाही: दगडांचे एकेक वर्तुळ खालच्यापेक्षा थोडे आत सरकवत घुमट मिटवला आहे. त्याच शतकात, 1133 पर्यंत, इंग्लंडमधील डरहॅम कॅथीड्रलचे छत मात्र दगडी फासळ्यांच्या कमानींवर पूर्ण झाले. अन्वाच्या मंदिराचे मूळ शिखर शिल्लक नाही.