हत्यार, परवाना आणि दिलेला शब्द

स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहराजवळ ‘सर्न’ नांवाची मोठी संशोधनसंस्था आहे. १९९३ सालच्या ३० एप्रिल रोजीं या संस्थेनें एक लहानसा कागद सहीनिशीं प्रसिद्ध केला. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञानें तेथें राहून ‘वर्ल्ड वाइड वेब’ नांवाची जी योजना सिद्ध केली होती, तिच्या मूळ सॉफ्टवेअरवरील आपले हक्क संस्था सोडून देत आहे. तें कोणींही वापरावें, बदलावें व वांटावें, असा त्या कागदाचा आशय होता. त्यांत किंमत नव्हती व अटही नव्हती.

त्याच वर्षाच्या आरंभीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठानें नेमकें उलट पाऊल टाकलें होतें. दूरच्या संगणकांवरील माहिती याद्यांच्या रूपानें शोधून वाचण्याची ‘गोफर’ नांवाची पद्धति त्या विद्यापीठांत १९९१ सालीं निघाली होती, व त्या काळीं वेबपेक्षां तिचाच प्रसार अधिक होता. गोफरचा सर्व्हर चालविणारांकडून परवान्याचें शुल्क घेण्याचा विचार विद्यापीठानें जाहीर केला. रक्कम किती, हा प्रश्न दुय्यम होता. दुसऱ्याच्या पायावर आज घर बांधलें आणि उद्यां पायाच्या मालकानें भाडें मागितलें तर काय करावें, ही शंका लोकांच्या मनांत शिरली ती पुन्हां निघाली नाहीं. कांहीं वर्षांतच वेब जगभर पसरलें आणि गोफर मागें पडलें. वेबवर मजकूर व चित्रें एकत्र दिसत, हेंही त्याचें मोठें कारण होतें. परंतु परवान्याच्या भयाचा वांटा लहान नव्हता. पुढें २००० सालीं विद्यापीठानें गोफरही मुक्त परवान्याखालीं दिलें. तोंपर्यंत वाटसरू दुसऱ्या वाटेला लागून फार दूर गेले होते.

वेबवरील कामें करणाऱ्या कारागिरांचा पुढचा सारा इतिहास या दोन प्रसंगांत बीजरूपानें सांठविलेला आहे. सुतारानें बाजारांतून करवत विकत घेतली म्हणजे ती त्याची झाली. तिनें तो पाट करो कीं पालखी करो, लोहाराचें त्यावर कांहीं चालत नाहीं. संगणकाच्या प्रोग्रामचें तसें नाहीं. कायदा त्याला ग्रंथाप्रमाणें लेखन मानतो. अमेरिकेंत १९८० च्या दुरुस्तीनें हें स्पष्ट झालें. भारतांतही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ सालीं दुरुस्ती होऊन प्रोग्राम ‘साहित्यकृति’ या सदरांत आला. लेखन म्हटलें कीं त्याची नक्कल करण्याचा हक्क कर्त्याचा. म्हणून जो कोणी असें हत्यार हातीं घेतो, त्याला वस्तु मिळत नसून अनुज्ञा मिळते; आणि त्या अनुज्ञेच्या अटी ज्या कागदावर लिहिलेल्या असतात तो परवाना.

पहिल्या काळीं असा कागद कोणी फारसा वाचीत नसे. संगणक म्हणजे एक खोली व्यापणारें यंत्र. त्याबरोबर प्रोग्राम मिळत, जसा कुलुपाबरोबर किल्लीचा जुडगा. १९६९ सालीं आय्‌. बी. एम्‌. कंपनीनें प्रोग्रामची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचें जाहीर केलें आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र विक्रीचा माल झाला. १९७६ च्या फेब्रुवारींत तरुण बिल गेट्स यांनीं संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलें. आपल्या ‘बेसिक’ भाषेच्या प्रोग्रामच्या नकला फुकट वांटल्या जातात, ही चोरी आहे, आणि अशानें चांगलें काम कोण करील, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल खोटा नव्हता. परंतु त्याच्या दुसऱ्या बाजूसही तितकाच खरा सवाल उभा होता.

तो रिचर्ड स्टॉलमन यांनीं विचारला. ते मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या सुप्रसिद्ध संस्थेंत, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत, काम करीत. तेथें झेरॉक्स कंपनीचा एक नवा मुद्रक आला. जुन्या मुद्रकांत कागद अडकला कीं सर्वांना सूचना जावी, अशी सुधारणा त्यांनीं पूर्वीं केली होती. नव्याच्या बाबतींत मात्र प्रोग्रामचा मूळ लेख, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो मिळेना. ज्या एका गृहस्थाजवळ तो होता त्यानें तो न दाखविण्याचें वचन कंपनीस दिलेलें होतें. स्वतः स्टॉलमन यांनीं सांगितलेली ही हकीकत आहे. आपल्या हातांतलें हत्यार बिघडलें असतां तें उघडून पाहण्याचीही चोरी असावी, हें त्यांना असह्य झालें. १९८३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं ‘ग्नू’ नांवाची मुक्त सॉफ्टवेअरची योजना जाहीर केली आणि १९८९ सालीं ‘जीपीएल’ हा परवाना सिद्ध केला.

या परवान्याची युक्ति मोठी चतुर होती. त्यानें कर्त्याचा हक्क सोडला नाहीं. त्याच हक्काच्या बळावर अट घातली. हा प्रोग्राम कोणींही चालवावा, उघडावा, बदलावा. मात्र तो दुसऱ्याच्या हातीं देतांना, बदललेल्या भागासह, मूळ लेख व हेच सर्व अधिकार त्यालाही दिले पाहिजेत. याच्या शेजारीं दुसरा एक पंथ होता. बर्कली येथील विद्यापीठाचा बीएसडी परवाना व वर उल्लेखिलेल्या संस्थेच्या नांवानें ओळखला जाणारा एमआयटी परवाना हे त्या पंथाचे. त्यांची अट एवढीच कीं, कर्त्याचें नांव व परवान्याचा मजकूर पुसूं नये; मग तो कोड आपल्या बंद मालांत घातला तरी चालेल. पहिला पंथ देणगीची परंपरा अखंड राहावी म्हणून घेणारास बांधतो. दुसरा त्यास मोकळा सोडतो.

वेबचा विस्तार झाला तो या दोन्ही पंथांच्या हत्यारांवर. १९९१ सालीं लिनक्स आलें, व पुढील वर्षीं तें जीपीएलखालीं दिलें गेलें. इलिनॉय विद्यापीठांतील एका संशोधनकेंद्राचा वेब सर्व्हर कर्त्यावांचून पडला असतां कांहीं कारागिरांनीं आपापल्या दुरुस्त्या एकत्र करून १९९५ सालीं त्यांतून ‘अपाची’ सर्व्हर घडविला; वर्षभरांत तो जगांतील सर्वाधिक वापराचा सर्व्हर झाला. त्याच १९९५ सालीं पीएचपी ही भाषा लोकांपुढें आली, व त्याच सुमारास मायएसक्यूएल हें माहितीचें कोठार तयार झालें. या चार वस्तु घेऊन एखाद्या लहान गांवांतील होतकरू तरुणासही, एक पैसा परवान्यास न देतां, दुकान, ग्रंथालय किंवा शाळा यांसाठीं वेबवरील उपयोजन उभें करतां येऊं लागलें. पूर्वीं हें फक्त धनवान्‌ कंपन्यांना शक्य होतें.

परंतु वेबनें परवान्यापुढें एक पेंच टाकला, जो परवाना लिहितांना कोणाच्या फारसा ध्यानीं नव्हता. एक दृष्टांत घेतला म्हणजे तो उलगडेल. एका सुगरणीनें आपली पाकाची वही लोकांना दिली आणि अट घातली कीं, जो कोणी ही वही सुधारून पुढें देईल त्यानें आपली सुधारणाही लिहून द्यावी. वही या हातांतून त्या हातांत जात होती तोंवर अट चोख चालली. पुढें एकानें त्या वहीवरून खाणावळ घातली. तो वही कोणालाच देत नाहीं. फक्त शिजलेलें ताट वाढतो. त्यानें केलेल्या सुधारणा मुदपाकखान्यांतच राहतात, आणि तरीही अट मोडली असें म्हणतां येत नाहीं. वेबवरील सर्व्हर ही ती खाणावळ होय. प्रोग्राम मालकाच्या संगणकावर राहतो. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर येतें तें केवळ त्याचें फळ. नक्कल दिलीच नाहीं, म्हणून मूळ लेख देण्याचें बंधनही नाहीं. ही फट बुजविण्यासाठीं २००२ सालीं ‘अफेरो’ हा परवाना निघाला, व २००७ च्या नोव्हेंबरांत त्याची नवी आवृत्ति ‘एजीपीएल’ या नांवानें प्रसिद्ध झाली. प्रोग्राम बदलून तो जाळ्यावरून लोकांना वापरूं देणारानें त्या वापरणारांस मूळ लेखही द्यावा, अशी तिची अट आहे.

इकडे ब्राउझरमध्यें चालणाऱ्या हत्यारांची तऱ्हा याच्या उलट होती. जावास्क्रिप्ट भाषेंतील कोड गिऱ्हाइकाच्या संगणकावर प्रत्यक्ष पाठविला जातो, म्हणजे नक्कल देणें घडतेंच. त्यामुळें तेथें परवाना बदलला कीं त्याचा चटका ताबडतोब बसतो. ‘एक्स्ट जेएस’ नांवाची पडद्याची रचना करणारी लायब्ररी पूर्वीं एलजीपीएल या सौम्य परवान्याच्या नांवाखालीं मिळे. १९९५ नंतरच्या पिढीच्या अनेक कारागिरांनीं आपलीं उपयोजनें तिच्यावर रचलेलीं होतीं. २००८ च्या एप्रिलांत २.१ ही आवृत्ति काढतांना तिचा परवाना जीपीएलची तिसरी आवृत्ति हा झाला. ज्यांना आपला कोड उघड करावयाचा नव्हता त्यांनीं पैसे देऊन वेगळा परवाना घ्यावा. असा दुहेरी व्यवहार मायएसक्यूएलनेंही २००० सालापासून चालविला होता आणि त्यांत गैर कांहीं नव्हतें. लोक चिडले ते शुल्काला नव्हे. बांधकाम अर्ध्यावर आलें असतां अट बदलली, याला ते चिडले.

लोकमताचें बळ किती असतें हें २०१७ सालीं दिसून आलें. फेसबुकनें २०१३ सालीं दिलेल्या ‘रिॲक्ट’ या लायब्ररीच्या परवान्याला पेटंटसंबंधीं एक पुरवणी जोडलेली होती. वापरणारानें फेसबुकवर पेटंटचा दावा लावला तर पेटंटविषयीं त्याला मिळालेली अनुज्ञा रद्द होई. २०१७ च्या जुलैंत अपाची प्रतिष्ठानानें असा कोड आपल्या कामांत घेण्यास मनाई केली. सप्टेंबरांत वर्डप्रेसच्या प्रमुखांनीं रिॲक्ट सोडण्याचा निर्णय कळविला. पुढें थोड्याच दिवसांत फेसबुकनें पुरवणी काढून टाकून साधा एमआयटी परवाना लावला. कोणीही कोर्टांत गेलें नाहीं. कारागिरांनीं हत्यार खालीं ठेवण्याची तयारी दाखविली, एवढ्यानें काम झालें.

यानंतरचा झगडा मोठ्या खाणावळींचा आहे. दुसऱ्यांनीं घडविलेलीं मुक्त साधनें आपल्या विशाल यंत्रशाळांत चालवून त्यांची सेवा भाड्यानें देणें, हा मोठ्या कंपन्यांचा व्यवसाय झाला. मिळकत त्यांना व श्रम कर्त्यांना, अशी कर्त्यांची तक्रार होती. २०१८ च्या ऑक्टोबरांत मोंगोडीबीनें एजीपीएल सोडून स्वतःचा अधिक कडक परवाना लावला. सेवा विकणारानें ती चालविण्याचीं सगळीं साधनेंही उघड करावीं, असें तो म्हणतो. २०२१ सालीं इलॅस्टिकसर्चनें व २०२४ च्या मार्चांत रेडिसनें मुक्त परवाना सोडून तशीच वाट धरली. त्याला उत्तर लगेच मिळालें. परवाना बदलण्यापूर्वींच्या शेवटच्या प्रतीवरून ॲमेझॉननें ‘ओपनसर्च’ आणि लिनक्स प्रतिष्ठानाच्या छत्राखालीं अनेकांनीं मिळून ‘वाल्की’ हीं नवीं साधनें उभीं केलीं. पुढें इलॅस्टिकसर्चनें २०२४ सालीं व रेडिसनें २०२५ सालीं एजीपीएलचा पर्याय देऊन मुक्त परवान्याकडे पुन्हां तोंड वळविलें.

हें होऊं शकलें याचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. मुक्त परवान्यानें दिलेल्या प्रतीवरील शब्द, परवान्याच्या अटी पाळणाराच्या बाबतींत, सहसा परत घेतां येत नाहीं. कर्ता पुढची आवृत्ति कोंडूं शकतो. मागची कोंडूं शकत नाहीं. विहिरीवर उद्यां कुलूप पडलें, तरी भरून नेलेली घागर कोणी हिसकूं शकत नाहीं. आणि येथें त्या घागरींतून दुसरी विहीरच करतां येते.

मात्र विहीर उपसणारांचा विचार झाला नाहीं तर ही व्यवस्था टिकणार नाहीं. वेबवरील फार मोठ्या व्यवहाराची गुप्तता राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या साधनांत २०१४ च्या एप्रिलांत ‘हार्टब्लीड’ नांवाचा भयंकर दोष उघडकीस आला. तेव्हां जगाला कळलें कीं, पेढ्या, दुकानें आणि सरकारी कचेऱ्या ज्यावर विसंबून होत्या त्या साधनाची देखरेख मूठभर माणसें, बहुतेक विनावेतन, करीत होतीं. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनीं अशा कामासाठीं निधि जमविला. फुकट मिळणारी वस्तु फुकट घडत नाहीं, हा गेट्स यांच्या जुन्या पत्रांतील सवाल अशा रीतीनें पुन्हां दारीं आला.

महाराष्ट्रालाही हा विषय परका राहिलेला नाहीं. भारत सरकारनें २०१५ सालीं सरकारी कामांत मुक्त सॉफ्टवेअरला अग्रक्रम देण्याचें धोरण जाहीर केलें. मुंबईंत घडलेलें ‘ईआरपीनेक्स्ट’ हें व्यापारी हिशेबांचें उपयोजन जीपीएलखालीं, तर त्याच्या बुडाशीं असलेली ‘फ्रॅपे’ ही चौकट एमआयटी परवान्याखालीं, जगाला दिलेली आहे. एकाच घरांत दोन्ही पंथ सुखानें नांदतात, याचें हें उदाहरण होय. ज्या चौकटीवर इतरांनीं बांधावें ती मोकळी, आणि जें तयार घर दिलें त्याची सुधारणा सर्वांस मिळावी, अशी ही वांटणी दिसते.

घर बांधणारा जमिनीची सातबाऱ्यावरील नोंद पाहिल्यावांचून कुदळ मारीत नाहीं. वेबचा कारागीर मात्र पुष्कळदां शेंकडों लायब्रऱ्या एका आज्ञेनें ओढून घेतो आणि त्यांतील एकाही परवान्याची ओळ वाचीत नाहीं. गोफरपासून रेडिसपर्यंतच्या हकीकतींचा बोध त्याच्याचसाठीं आहे. हत्यार किती धारदार, हें पाहावें; त्याची किंमत किती, हेंही पाहावें; पण तें देणारानें कोणता शब्द दिला आहे, हें सर्वांच्या आधीं पाहावें. आणि तो शब्द पाळणाऱ्या माणसाची चूल पेटती राहील एवढी काळजी घेण्यास विसरूं नये.