आणि मंडळी

आमच्या बँकेत करंट खात्याच्या टेबलावर मी सोळा वर्षे बसतो आहे. लोकांना वाटते, इथे पैशांचे व्यवहार चालतात. प्रत्यक्षात इथे बारशी होतात. फॉर्मच्या पहिल्याच ओळीत ‘संस्थेचे नाव’ या शब्दांपुढे चौकोनांची एक आगगाडी असते आणि तिच्या एकेका डब्यात एकेक अक्षर बसवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. पोराचे नाव ठेवायला आत्या असते. दुकानाला आत्या नसते, म्हणून ते काम माझ्याकडे येते.

गेल्या महिन्यात असे एक बारसे घरचेच निघाले. आमच्या भावोजींची नोकरी बावन्नाव्या वर्षी, कंपनीच्या भाषेत ‘स्वेच्छेने’, संपली. ताई गेली वीस वर्षे डोंबिवलीतल्या अख्ख्या सोसायटीला थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून देते आहे. इतके दिवस त्याला ‘ताईंच्या हाताची चव’ म्हणत. पगार थांबल्यावर त्याला ‘बिझनेस’ म्हणायचे ठरले. रविवारी मी गेलो तेव्हा ताई आत कढईशी होती आणि भावोजी बाहेर वही घेऊन बसले होते.

“पहिलं नाव,” भावोजी म्हणाले, “आपलं आडनाव आणि सन्स!”

नाव भारदस्त होते यात शंका नाही. त्याला परंपराही आहे. 1910 साली व्ही. पी. बेडेकरांनी गिरगावात किराणा मालाचे दुकान काढले आणि पुढे ‘व्ही. पी. बेडेकर आणि सन्स’ ही अक्षरे लोणच्याच्या बरणीवर बसून घरोघरी पोचली. पण तिथे मुलगे खरोखरच धंद्यात उतरले होते. आमच्या भावोजींचे अनेकवचन मुळातच खोटे, आणि जे काय एकवचन आहे ते बंगळूरला कॉम्प्युटरपुढे बसते.

“मग ब्रदर्स?”

इथेही थोर उदाहरणे आहेत. 1888 साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलींचे दुकान निघाले, त्यातून ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ उभे राहिले. 1950 साली पुण्यात चितळ्यांनी ‘ब्रदर्स’चे ‘बंधू’ केले आणि बाकरवडीइतकेच ते नावही लोकांच्या तोंडी बसले. फक्त एकच अडचण होती. भावोजी आणि त्यांचे बंधू गावच्या घराच्या एका भिंतीवरून सात वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत.

तिसरे नाव ‘रॉयल मसाले’. इथे मात्र माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. 1932 च्या भागीदारी कायद्यात लिहून ठेवले आहे की, नोंदणी करायच्या भागीदारी संस्थेच्या नावात रॉयल, किंग, क्वीन, एम्परर असले शब्द सरकारच्या लेखी संमतीवाचून घालता येत नाहीत. आपला धंदा भागीदारीचा नाही, त्यामुळे ते कलम आपल्याला लागत नाही, हे मी भावोजींना सांगितले नाही. कायद्याचा धाक थोडा राहिलेला बरा.

‘एंटरप्रायझेस’ मी स्वतःच खोडले. काय विकायचे हे ठरलेले नसले की माणूस ‘एंटरप्रायझेस’ काढतो, हा माझा सोळा वर्षांचा अनुभव आहे.

राहिले ‘आणि कंपनी’. आपल्याकडे हा शब्द आला तोच तराजू घेऊन, आणि 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर तो ‘कंपनी सरकार’ होऊन छातीवर बसला. पण शब्दाचे मूळ मोठे गोड आहे. लॅटिन भाषेत ‘कॉम’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. सोबत बसून भाकरी खातात ती कंपनी! आपल्या जुन्या माणसांनी त्याला प्रतिशब्द शोधला तोही तसाच पंगतीतला : मंडळी. 1880 साली अण्णासाहेबांनी काढली ती ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’, 1913 सालची ‘गंधर्व नाटक मंडळी’. पुस्तके छापणारेसुद्धा ‘दामोदर सावळाराम आणि मंडळी’. पुढे सिनेमा आला आणि 1929 साली कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ निघाली. तोवर मंडळी उठून गेली होती आणि कंपनी येऊन बसली होती.

“आडनाव आणि मंडळी!” भावोजी खूश झाले. “मराठी बाणा!”

तेवढ्यात ताई कढई उतरवून, पदराला हात पुसत बाहेर आली.

“मंडळी म्हणजे कोण रे?” तिने मला विचारले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. आमचे आजोबा कधी आजीचे नाव घेत नसत. ‘मंडळी माहेरी गेलीत’ असे ते म्हणाले की एकटी आजी माहेरी गेलेली असे. घरधनी पाटीवर आणि राबणारी बायको ‘आणि’च्या पलीकडे, बहुवचनात विरघळलेली.

“वीस वर्षं चटके माझ्या हाताला बसलेत,” ताई शांतपणे म्हणाली. “पाटीवर न झालेली मुलं चालतात, न बोलणारे भाऊ चालतात. मग माझंच काय वाकडं आहे?”

मी गप्प होतो, त्याचे कारण वेगळे होते. तिचे बँकेतले सगळे फॉर्म आजवर मीच भरले आहेत. प्रत्येकात ती एकतर दुसरी खातेदार, नाहीतर नॉमिनी. पहिल्या ओळीत तिचे नाव मी कधी लिहिले नव्हते, आणि ते लिहायचे राहिले आहे हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

मी तिला लिज्जत पापडाची गोष्ट सांगितली. 1959 साली गिरगावात सात बायका ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. 1962 साली त्यांनी नावासाठी आपल्यातच स्पर्धा लावली आणि ‘लिज्जत’ सुचवणाऱ्या भगिनीला पाच रुपये बक्षीस मिळाले.

“पाच रुपये मी देते,” ताई म्हणाली. “तो फॉर्म काढ.”

आगगाडीच्या पहिल्या डब्यापासून मी तिचे स्वतःचे नाव लिहिले आणि पुढे ‘आणि मंडळी’. नाव काय ते इथे सांगत नाही. खातेदाराची माहिती बाहेर फोडायची नाही असा बँकेचा नियम आहे.

“आणि मी?” भावोजींनी विचारले.

“तुम्ही मंडळी,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी शंका काढलीच : “मालक एकच, मग ही मंडळी कोण?” मी म्हटले, “साहेब, घरगुती मामला आहे.” खाते उघडले. पत्रे ‘मेसर्स’ म्हणून जातात. मूळ फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘सद्गृहस्थहो’ असा आहे. ताईला मी तो अजून सांगितलेला नाही.

काल भाजणीची ऑर्डर द्यायला फोन केला तर तो भावोजींनीच उचलला.

“ताई आहे का?” मी विचारले.

“भाजणी भाजतेय,” पलीकडून आवाज आला. “काय ते मला सांगा. मी मंडळी बोलतोय.”