प्रायश्चित्ताची खूण

मिशन हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादी दगडी इमारत उभी राहते. मिरजेचे वॉनलेस साहेबांचे इस्पितळ घ्या, मुंबईतले विल्सन कॉलेज घ्या, किंवा अहमदनगरकडील जुन्या मिशन-शाळा घ्या. समुद्रापलीकडून पैसा आला, माणसे आली आणि इमारत उभी राहिली, असा त्या साऱ्यांचा इतिहास. तो सांगताना देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, ही मांडणी आपण इतकी गृहीत धरून चालतो, की ती उलटी असू शकेल असे मनातही येत नाही. प्रस्तुत लेखात ज्या इमारतींची हकीकत सांगावयाची आहे त्यांच्या बाबतीत ती उलटी झाली होती. तेथे परदेशातून ख्रिस्ती तरुण आले, त्यांनी फुकट अंगमेहनत केली, अपुरी कामे पुरी केली. परंतु दारात याचक म्हणून उभे होते ते हेच तरुण.

1958 च्या एप्रिल महिन्यात जर्मनीतील प्रॉटेस्टंट धर्मसभेचे अधिवेशन बर्लिन येथे भरले होते. तारीख 30 रोजी, अधिवेशन आटोपण्याच्या वेळी, लोथार क्रायसिग नावाच्या एका साठीच्या गृहस्थाने सभेपुढे एक आवाहन वाचून दाखविले. महायुद्ध संपून तेरा वर्षे होऊन गेली, तरी शांतता म्हणावी अशी झाली नाही, कारण झाल्या अपराधाची पुरी कबुली आपण दिलेली नाही, असा त्याचा आशय होता. पुढची मागणी मात्र अगदी साधी होती. ज्या राष्ट्रांवर आपण जुलूम केला त्यांनी आपल्याला त्यांच्या भूमीत, आपल्या हातांनी आणि आपल्या खर्चाने, काही चांगले करण्याची परवानगी द्यावी. मग ते एखादे गाव असो, वसाहत असो, चर्च असो वा इस्पितळ. प्रथम कोणाकडे जावयाचे हेही सांगितले होते: पोलंड, रशिया आणि इस्राएल, कारण सर्वांत खोल जखमा तेथे झाल्या होत्या.

ह्या आवाहनातील कळीचा शब्द परवानगी हा आहे, असे आम्हांस वाटते. मदत करू इच्छिणारा मनुष्य सामान्यतः परवानगी मागत नाही. आपली मदत स्वीकारली जाईल हे त्याने धरलेलेच असते. येथे नकाराला जागा ठेवली होती, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे नकार मिळालेही.

संस्थेचे नावही विचारपूर्वक घेतलेले दिसते. जर्मन भाषेत ते आक्सिओन झ्यूनेत्साइखेन असे आहे. त्यातील ‘झ्यूने’ म्हणजे प्रायश्चित्त अथवा पापक्षालन, आणि ‘त्साइखेन’ म्हणजे खूण. ह्या लोकांनी आपल्या कामाला प्रायश्चित्त म्हटले नाही, प्रायश्चित्ताची खूण म्हटले. साठ लाख यहुद्यांच्या हत्येचे क्षालन चार भिंती बांधून होते असे कोणी म्हणू लागला, तर त्याच्या बुद्धीविषयी किंवा प्रामाणिकपणाविषयी शंका घ्यावी लागेल. खूण ह्या शब्दाने तो दावा आरंभीच सोडून दिला आहे.

असे आवाहन करण्याचा अधिकार क्रायसिग ह्यांना कोठून आला, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. 1898 मध्ये सॅक्सनीत जन्मलेले हे गृहस्थ पेशाने न्यायाधीश. हिटलरच्या राजवटीत ते ब्रँडेनबुर्ग शहरी पालकत्वाच्या न्यायालयात होते. म्हणजे वेडसर, मतिमंद आणि स्वतःचा कारभार पाहण्यास असमर्थ अशा माणसांचे कायदेशीर पालक नेमण्याचे व त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते. 1940 साली त्यांच्या ध्यानात आले, की आपल्या देखरेखीखालील माणसे आश्रमांतून अन्यत्र हलविली जात आहेत आणि मागोमाग त्यांच्या मृत्यूच्या वार्ता येत आहेत. त्याच शहरातील जुन्या तुरुंगात विषारी वायूने अशा हजारो दुबळ्या जिवांचा अंत केला जात होता. त्यांनी न्यायमंत्री ग्यूर्टनर ह्यांस जुलै महिन्यात पत्र लिहून हा प्रकार बेकायदा असल्याचे कळविले. तेवढ्यावर न थांबता, ह्या कार्याचा सूत्रधार फिलिप बूलर ह्याच्यावर त्यांनी खुनाची फिर्याद दाखल केली, आणि आपल्या अनुमतीवाचून एकही रुग्ण हलवू नये असे आश्रमांना लेखी बजावले. मंत्र्याने बोलावून घेऊन त्यांना हिटलरचे आज्ञापत्र दाखविले. फ्यूररची इच्छा हाच कायदा हे ज्याला पटत नाही त्याला न्यायासनावर बसता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. क्रायसिग ह्यांना ते पटले नाही. त्यांना रजेवर पाठविले गेले, पुढे 1942 मध्ये सक्तीने निवृत्त करण्यात आले, आणि ते आपली शेती पाहू लागले. त्या काळच्या जर्मनीत हजारो न्यायाधीश होते. ह्या हत्यांविरुद्ध उघड उभा राहिलेला न्यायाधीश म्हणून इतिहासाला हे एकच नाव ठाऊक आहे.

प्रायश्चित्ताची हाक देणारा हा मनुष्य त्या अपराधात सामील नव्हता, ही गोष्ट वाचकांनी मनात वागवावी. ज्यांना बोलावयास हवे होते ते बहुतेक गप्प होते.

कल्पना म्हणून हा उद्योग अगदी नवा नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 साली, पिएर सेरेझोल ह्या स्विस अभियंत्याने व्हर्दँच्या रणभूमीलगत एस्न ह्या बेचिराख गावी निरनिराळ्या राष्ट्रांचे मूठभर स्वयंसेवक जमविले होते. त्यांत जर्मनही होते. पडकी घरे उभी करावी, शेतातील खड्डे बुजवावे, असे काम चालले; परंतु ज्यांच्या तोफांनी गाव पाडले त्यांच्याच देशबंधूंनी ते बांधावे हे तेथे रुचले नाही, आणि काही महिन्यांत मंडळींना गाशा गुंडाळावा लागला. हेच सेरेझोल पुढे 1934 च्या बिहार भूकंपानंतर आपल्या देशात आले आणि मुझफ्फरपूरच्या बाजूला खेडी पुन्हा वसविण्याच्या कामी त्यांनी स्वतः घाम गाळला. बिहारात त्यांना कोणी हाकलले नाही. तेथे त्यांच्या राष्ट्राने काही पाडले नव्हते. एस्नच्या गावकऱ्यांना कोते म्हणण्याचा मोह इतिहासकाराने टाळावा. आपल्या घराची राख ज्याने पाहिली आहे त्याने पाडणाऱ्याच्या भावाकडून विटा घ्याव्या की न घ्याव्या, हे बाहेरच्याने ठरवू नये.

1958 च्या आवाहनालाही प्रथम पोलंड आणि रशिया ह्यांची दारे उघडली नाहीत. मध्ये राजकारणाची पोलादी भिंत होती. पहिले होकार 1959 मध्ये आले ते हॉलंड आणि नॉर्वे ह्या देशांकडून.

नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला फिनमार्क नावाचा प्रांत आहे. 1944 च्या शरद ऋतूत रशियन सैन्यापुढे माघार घेताना जर्मन फौजेने हा सारा मुलूख पद्धतशीर जाळला. घरे, नावा, धक्के, विजेचे खांब, देवळे, काही म्हणून मागे ठेवले नाही. सुमारे पन्नास हजार माणसांना बळजबरीने दक्षिणेकडे हलविले. हजारो लोक गुहांत आणि मातीच्या झोपड्यांत लपून त्या ध्रुवीय हिवाळ्याला तोंड देत राहिले. ह्या प्रांतातील कोकेल्व हे समुद्रकाठच्या सामी लोकांचे छोटेसे खेडे. तेथे जर्मन तरुण-तरुणी चर्च बांधावयास गेल्या. 1960 मध्ये ते पुरे झाले. त्या गावात जर्मन बोलीचा मागचा आवाज कोणता होता हे आठवले, म्हणजे पहिल्या सकाळी फळ्या वाहणाऱ्या त्या पोरांकडे पाहणाऱ्या वृद्धांच्या मनात काय आले असेल ह्याची थोडी कल्पना येते. ह्या पोरांना कौशल्य फारसे नव्हते. विद्यार्थी, कारकून, परिचारिका, एखाददुसरा खरा सुतार, असाच अशा तुकड्यांचा मेळ असे. कोकेल्वच्या चर्चला समेटाचे चर्च असे नाव पडले.

नॉर्वेतच त्रास्ताद येथे ह्या मंडळींनी दुसरे काम हाती घेतले: मतिमंदांसाठी चालणाऱ्या एका आश्रमाची इमारत. ब्रँडेनबुर्गच्या न्यायाधीशाने ज्यांच्यासाठी आपले न्यायासन पणाला लावले होते, त्यांच्याच जातीच्या दुबळ्यांसाठी त्याने धाडलेली पोरे आता परक्या देशात भिंती रचीत होती. हा योग कोणी मुद्दाम जुळवून आणला असो वा नसो, आम्हांस तो ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलका वाटतो.

बाकीच्या कामांची नुसती नोंद पुरे. ग्रीसमधील सर्व्हिया ह्या गावी पाणी आणण्याचे काम, फ्रान्समध्ये लियाँ शहरालगत व्हिलरबान येथे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर, 1963 च्या भूकंपानंतर स्कोप्ये. इस्राएलचा होकार सर्वांत कष्टाने मिळाला. 1961 मध्ये जेरुसलेम येथे आइखमन ह्याच्यावर खटला चालला, साक्षीदार एकामागून एक उभे राहून आपली कहाणी सांगत होते. त्याच वर्षी पहिली जर्मन तुकडी ऊरीम ह्या सामुदायिक वसाहतीत शेतकामाला लागली. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हा हेतू तेथे मनातही आणता येत नव्हता. मिशन शब्दाचा जो अर्थ आपल्याकडे रूढ आहे तो येथे पुरता गळून पडला होता.

1961 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि संस्थेचे दोन तुकडे झाले. क्रायसिग पूर्वेकडे राहिले. पूर्व जर्मनीच्या तरुणांना परदेशी जाण्याची मुभा उरली नाही. तेव्हा 1962 पासून त्यांनी स्वदेशातच, मॅग्डेबुर्ग शहरात, बाँबवर्षावाने ढासळलेल्या चर्चमधील दगडमातीचे ढीग उपसण्यास आरंभ केला. प्रायश्चित्त करावयास परदेशी जावेच लागते असे नाही, हे त्यांना भिंतीने शिकविले.

पश्चिमेकडील तरुण त्याच सुमारास इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे पोहोचले. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी ह्या शहराची होळी केली. पाचशेहून अधिक माणसे मेली आणि मध्ययुगीन कॅथीड्रलच्या नुसत्या बाहेरच्या भिंती उरल्या. तेथील धर्माधिकारी रिचर्ड हॉवर्ड ह्यांनी त्याच नाताळात रेडिओवरून बोलताना सूडाची भाषा वर्ज्य केली होती. नवे कॅथीड्रल जुन्या अवशेषांना लागूनच बेसिल स्पेन्स ह्या वास्तुविशारदाने बांधले आणि 25 मे 1962 रोजी त्याचे विधिपूर्वक अर्पण झाले. जर्मन तरुणांना काम मिळाले ते जुन्या बाजूला. जळालेल्या कॅथीड्रलच्या पडक्या खोल्या होत्या, त्या नीट करून त्यांतून परदेशी पाहुण्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र त्यांनी तयार केले. आपल्या बापांनी टाकलेल्या बाँबचा काळा डाग ज्या दगडांवर आहे ते दगड हाताळण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले.

ह्याची परतफेड पुढे झाली. 1965 मध्ये कॉव्हेंट्रीच्या प्रेरणेने ब्रिटिश तरुणांची एक तुकडी ड्रेस्डेन येथे गेली, आणि तेथील डीकनेस भगिनींच्या पडक्या इस्पितळाच्या बांधकामाला तिने हात लावला. ड्रेस्डेन 1945 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी भाजून काढले होते. मृतांची संख्या आता पंचवीस हजारांपर्यंत धरतात. जेते म्हणून बसलेल्या राष्ट्राची पोरे हरलेल्या राष्ट्रात पाट्या उचलावयास जातात, तेव्हा हिशेबाची वही एकतर्फी राहत नाही. त्या काळच्या इंग्लंडात सर्वांनाच हे आवडले असेल असे नाही.

ह्या साऱ्या खटाटोपावर आक्षेप घेता येतात, आणि ते किरकोळ नाहीत. अडाणी हातांनी केलेले बांधकाम गवंड्याच्या कामापेक्षा महाग पडते, हा व्यवहारी आक्षेप सोडून देऊ. त्याहून मोठा आक्षेप असा, की ज्यांनी पाप केले ते घरी राहिले आणि पोरे विटा वाहावयास गेली. हिटलरच्या लोकन्यायालयाने हजारोंना फाशी दिले, पण त्याच्या एकाही न्यायाधीशाला पश्चिम जर्मनीच्या न्यायालयांत दिलेली शिक्षा कायम झाली नाही. बाप न्यायासनावरून निवृत्तिवेतन घेतो आणि मुलगा नॉर्वेत भिंत बांधतो, ह्यात प्रायश्चित्त कोणाचे झाले?

आपल्या धर्मशास्त्राने ह्या प्रश्नाचा एका बाजूने विचार केला आहे. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हा नियम सांगून याज्ञवल्क्याने त्याला अपवादही सांगितले: मद्य, द्यूत, विषयलोलुपता ह्यांपायी केलेले कर्ज, आणि पित्याने न भरलेला दंड, ही पुत्रावर बसत नाहीत. कर्ज वारसाने येते, दंड येत नाही. त्या न्यायाने पाहिले तर ही पोरे कोणाचे काही देणे लागत नव्हती. दंड त्यांच्यावर कोणी लादला नव्हता आणि तो स्वीकारल्याने बाप सुटतही नव्हता. त्यांनी जे उचलले त्याला आपल्या स्मृतिग्रंथांत नाव नाही. आम्हांस त्यात आक्षेपकांच्या म्हणण्याचे खंडन दिसत नाही. परंतु बापाने नाकारलेल्या गोष्टीची कबुली मुलाने परक्याच्या अंगणात जाऊन द्यावी, ह्यामुळे घरी परतल्यावर बापलेकांत जो संवाद होतो तो निराळा होतो, एवढे खास. 1960 नंतरच्या जर्मनीत असे संवाद पुष्कळ झाले, आणि ते गोड नव्हते.

बर्गंडीतील तेझे ह्या टेकडीवरच्या गावाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे रोझे शुट्झ ह्यांनी 1940 मध्ये स्थापिलेला एक मठ आहे. युद्धात त्यांनी निर्वासितांना आसरा दिला, आणि युद्धानंतर शेजारच्या छावणीतील जर्मन कैद्यांचीही विचारपूस केली. गावचे जुने चर्च लहान पडू लागले, तेव्हा मठातीलच एका बंधूने नव्याचा आराखडा काढला आणि जर्मन तरुणांनी ते बांधले. 6 ऑगस्ट 1962 रोजी ते खुले झाले. एवढ्या मोठ्या काँक्रीटच्या मंदिराची ह्या साध्या मठाला गरज काय, अशी कुजबूज होती. नऊ वर्षांनी, 1971 च्या ईस्टरला, इतकी माणसे लोटली की पश्चिमेची भिंत पाडून पुढे तंबू जोडावा लागला.

पोलंडचे नाव आवाहनात सर्वांत आधी घेतले होते. तेथे जाणे उशिरा घडले. 1960 नंतरच्या दशकात पूर्व जर्मनीचे तरुण सायकलींवरून आउश्वित्झला जावयास निघाले, आणि पुढे तेथील छावणीच्या अवशेषांची निगा राखण्याच्या कामी लागले. बांधणे तेथे प्रशस्त नव्हते; होते ते झिजू न देणे, गवत काढणे, पाया उघडा ठेवणे, हेच काम. छावणीबाहेर ओश्विएंचिम गावात दोन्ही राष्ट्रांच्या तरुणांनी एकत्र राहावे म्हणून एक निवासगृह बांधावे, ही कल्पना बरीच वर्षे रेंगाळली. ते 1986 च्या अखेरीस उघडले. क्रायसिग त्याच वर्षी जुलैत वारले होते.