पियानोवर बसवलेला आवाज

आमच्या बोरीवलीत गणपतीच्या मांडवात ऑर्केस्ट्रा यायचा, तेव्हा फलकावर ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘व्हॉइस ऑफ रफी’ असं ठळक लिहिलेलं असे. वादक कितीही तयारीचे असोत, गर्दी त्या उसन्या आवाजासाठी. तो लागला नाही तर मध्यंतरातच खुर्च्या रिकाम्या! रॉक बँडचं नशीबही असंच मुख्य गायकाच्या गळ्याला बांधलेलं असतं. त्याचं नामी उदाहरण पाचगणीत सुरू होतं.

तिथल्या सेंट पीटर्स शाळेत झांजिबारहून आलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. (आडनावातलं बलसार म्हणजे आपल्या पश्चिम रेल्वेवरचं वलसाड.) १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. गिटारवर डेरिक ब्रांच, बासवर फरांग इराणी, ड्रमवर व्हिक्टरी राणा. हा राणा पुढे नेपाळी सैन्यात जनरल झाला. फारुख पियानोवर होता, आणि मुख्य गायक होता ब्रूस मरे. फारुखच्या वाट्याला फक्त साथीचे सूर. मुलांना क्लिफ रिचर्ड, एल्विस यांची गाणी हुबेहूब हवी होती. म्हणजे तिथेही ‘व्हॉइस ऑफ’चाच कारभार! नकलेची गरज असलेल्या बँडला अस्सल आवाजाचं काय काम?

१९६४ मध्ये झांजिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचा ‘स्माइल’ नावाचा बँड होता. गायक टिम स्टॅफेल. १९६९ मध्ये त्यांची एक तबकडी अमेरिकेत निघाली, पण चालली नाही. १९७० मध्ये स्टॅफेल बाहेर पडला आणि त्याच्या जागी फारुख आला. तो आता फ्रेडी मर्क्युरी झाला आणि बँड ‘क्वीन’. गिटार आणि ड्रम त्याच दोघांचे, बदलला तो गळा.

या गळ्याचा २०१६ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी अभ्यास केला. बोलताना त्याचा आवाज खर्जाकडे झुकणारा होता, गायचा मात्र तो वरच्या पट्टीत. सुरातला कंपही इतर गायकांपेक्षा जलद. तोंडात चार दात जास्तीचे होते. काढले तर आवाज बदलेल, या भीतीने त्याने ते कधीच काढले नाहीत. पण मला वाटतं, नुसत्या गळ्याने एवढं झालं नसतं. तो आपल्या आवाजाला मापून गाणी रचायचा. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’मधला तो प्रचंड समूहस्वर मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांचेच आवाज थरावर थर चढवून उभा केलेला आहे.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी गेला. पुढे २००५ मध्ये पॉल रॉजर्सला घेऊन दौरे झाले. रॉजर्स स्वतः नावाजलेला गायक, दमदार गळ्याचा. २००८ मध्ये त्यांनी नवा अल्बमही काढला. त्यातलं गाणं कुणी गुणगुणताना मी तरी ऐकलेलं नाही. २०१२ पासून दौऱ्यांत अ‍ॅडम लॅम्बर्ट गाऊ लागला. मैदानं भरली, ती जुन्या गाण्यांसाठी. जाहिरातीतही नुसतं ‘क्वीन’ नव्हतं, ‘क्वीन अधिक अ‍ॅडम लॅम्बर्ट’ होतं. या मैफलींत एका गाण्याच्या वेळी लॅम्बर्ट मंचावर नसे. ब्रायन मे एकटा गिटार घेऊन बसे, आणि मागच्या पडद्यावर मर्क्युरी गाताना दिसे.