भाऊ दाजींची साक्ष आणि भावना दुखावण्याचा कायदा

पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला संशोधक म्हणून ठाऊक आहेत. १८६२ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात त्यांनी दिलेल्या साक्षीबद्दल मात्र आपण गोंयकार फारसे बोलत नाही. विषय अडचणीचा आहे ना!

करसनदास मुळजी स्वतः वैष्णव, पुष्टिमार्गी घरातले. २१ ऑक्टोबर १८६० च्या ‘सत्यप्रकाश’मध्ये त्यांनी लिहिलं की काही महाराज भक्तांच्या लेकीसुनांना भोगतात आणि त्याला धर्माचं नाव देतात. त्यात सुरतेच्या जदुनाथजी महाराजांचं नाव होतं. महाराजांनी पन्नास हजारांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. भाटिया पुढाऱ्यांनी महाराजांविरुद्ध कुणी साक्ष द्यायची नाही असा ठराव केला, तर त्यांच्यावरच कटाचा खटला होऊन दंड बसला.

अशा वातावरणात भाऊ दाजी आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांनी शपथेवर सांगितलं, की महाराजांना उपदंश झाला होता. रोग्याचं गुपित डॉक्टरने उघड करावं का, हा प्रश्न मला आजही पडतो. पण ते गप्प राहिले असते तर लेख खरा ठरवायला उरलं काय असतं? न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी हा वाद शास्त्राचा नसून नीतीचा मानला. करसनदास जिंकले, खर्चापोटी साडेअकरा हजार मिळाले.

आता खरी गोम. दावा बदनामीचा होता, म्हणून ‘लिहिलं ते खरं आहे’ हा बचाव चालला. लाहोरच्या एका पुस्तिकेच्या वादानंतर १९२७ मध्ये दंडविधानात २९५अ आलं. इंजिनियरच्या सवयीने मी कलम शब्द मोजत वाचतो : हेतू जाणूनबुजून आणि दुष्ट असला पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे, खरेपणाचा बचाव मात्र कुठंच लिहिलेला नाही. करसनदासांवर हे कलम लागलं असतं, तर भाऊ दाजींची साक्ष कोर्टाने ऐकली तरी असती का?

ही नुसती कल्पना नव्हे. जून २०२४ मध्ये याच खटल्यावरचा ‘महाराज’ चित्रपट भक्तांच्या अर्जावरून गुजरात उच्च न्यायालयाने थांबवला. मग न्यायमूर्तींनी तो स्वतः पाहिला, संप्रदायाची निंदा त्यात आढळली नाही, आणि २१ जूनला स्थगिती उठली. पुढं १ जुलैला जुनं दंडविधान गेलं. २९५अ मात्र न्याय संहितेत २९९ या आकड्याखाली तसंच आहे.