मापातले पाप : ‘तुलाकूटा’पासून ग्राहक संरक्षण कायद्यापर्यंत

दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, म्हणजे ब्रह्मजालसुत्तात, शीलांची एक दीर्घ यादी आली आहे. प्राणिहिंसा, चोरी, असत्य भाषण या ठळक दोषांबरोबर त्या यादीत तीन शब्द सलग येतात : तुलाकूट, कंसकूट आणि मानकूट. खोटा तराजू, खोटे पात्र आणि खोटे माप, असा त्यांचा अर्थ. पाठोपाठ लाच, वंचना, नकली वस्तू खरी म्हणून खपविणे आणि कुटिल व्यवहार यांचाही निर्देश होतो. श्रमण गौतम या सर्वांपासून अलिप्त आहेत, असे तेथे सांगितले आहे.

ज्याने घरदार व धनधान्य सोडले त्याच्या शीलवर्णनात तराजूचे काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहज येईल. त्याचे उत्तर सुत्ताच्या संदर्भातच आहे. तथागतांची स्तुती करू पाहणारा सामान्य माणूस कोणत्या गोष्टी सांगेल, याची ती यादी आहे. एखाद्याची थोरवी सांगताना ‘हा मापात मारत नाही’ असे सामान्य माणसास म्हणावेसे वाटते, यावरून त्या काळच्या बाजारात मापात मारणे किती नित्याचे असावे, याची कल्पना येते. सुत्तपिटकाचा अभ्यास केवळ तत्त्वज्ञानासाठी न करता लोकजीवनाच्या इतिहासासाठीही केला पाहिजे, असे आम्हांस वाटते ते याच कारणाने.

बुद्धघोषांनी केलेली वर्गवारी

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी दीघनिकायावर ‘सुमंगलविलासिनी’ ही अट्ठकथा रचली. तीत या तीन शब्दांचे जे स्पष्टीकरण आहे, ते वाचताना आपण एखाद्या वजनमाप निरीक्षकाचा अहवाल वाचत आहोत असे वाटते.

तुलाकूट चार प्रकारचे आहे. दिसायला सारखे असे दोन तराजू ठेवायचे, घेताना मोठ्याने घ्यायचे आणि देताना लहानाने द्यायचे, हे रूपकूट. घेताना दांडीचा मागचा भाग हाताने दाबायचा आणि देताना पुढचा, हे अंगकूट. दोरी घेताना मुळाशी आणि देताना टोकाशी धरायची, हे गहणकूट. चौथा प्रकार सर्वांत धूर्त आहे : दांडी आतून पोकळ करून तीत लोखंडाचा भुगा भरायचा आणि तो गरजेप्रमाणे मागे-पुढे सरकवायचा. याला पटिच्छन्नकूट म्हणजे झाकलेली फसवणूक म्हटले आहे.

कंसकूट म्हणजे पात्राची लबाडी. एक पात्र खऱ्या सोन्याचे घ्यायचे, बाकीची तांब्याची करून त्यांना सोन्याचा रंग चढवायचा. मग खेड्यापाड्यांतील सधन घरी जाऊन खरे पात्र कसोटीवर घासून दाखवायचे आणि विश्वास बसला की सगळीच विकून निघून जायचे.

मानकूट तीन प्रकारचे. तूपतेलाच्या मापाला तळाशी छिद्र ठेवायचे. घेताना सावकाश ओतवून त्यातून आपल्या भांड्यात बरेच उतरवून घ्यायचे, देताना छिद्र बंद करून झटकन भरून द्यायचे. धान्य घेताना मापावर हळूहळू शीग चढवायची, देताना घाईने भरून शीग मोडायची. याला अट्ठकथेत सिखाभेद म्हटले आहे. आपल्या बोलीतील ‘शीग’ आणि पालीतील ‘सिखा’ हे एकाच घराण्यातील शब्द आहेत. ज्यांच्या घरी धान्य शेर-पायलीने मोजले गेले, त्यांना या शब्दाची फोड करून सांगण्याची गरज नाही. तिसरा प्रकार रज्जुभेद, म्हणजे जमीन मोजण्याच्या दोरीतील लबाडी. लाच मिळाली नाही की मोजणारे लहान शेत मोठे करून मोजतात, असे बुद्धघोष सांगतात. म्हणजे या यादीतून व्यापाऱ्याबरोबर मोजणीदारही सुटलेला नाही.

ही वर्गवारी बारकाईने पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक प्रकारात फसवणूक तेथेच घडते जेथे समोरच्याची नजर पोहोचत नाही. कोठे ती दांडीच्या आत असते, कोठे मापाच्या तळाशी, कोठे कसोटीवर न घासलेल्या पात्रात. खोट्या व्यवहाराचे मूळ वस्तूपेक्षा दोन पक्षांमधील ज्ञानाच्या अंतरात आहे.

सेरिवाचे दोन व्यापारी

हेच सूत्र सेरिववाणिज जातकात कथारूपाने आले आहे. हीन दशेला आलेल्या एका श्रेष्ठीच्या घरात एक आजी आणि तिची नात एवढ्याच उरल्या आहेत. जुन्या भांड्यांत एक पात्र मळून पडले आहे. ते सोन्याचे आहे हे दोघींना ठाऊक नाही. लोभी व्यापारी सुईने ओरखडा काढून सोने ओळखतो, पण अर्ध्या माषकाचेही हे नाही असे म्हणून पात्र टाकून जातो. पुढे फुकटात मिळवावे, हा त्याचा हेतू. नंतर आलेले बोधिसत्त्व मात्र सांगतात की हे पात्र लाखाचे आहे आणि तेवढा ऐवज आपल्याजवळ नाही. दोघी ते त्यांनाच देऊ करतात. तेव्हा ते आपल्याजवळचे पाचशे कार्षापण आणि पाचशेचा माल देतात. स्वतःसाठी आठ कार्षापण, तराजू आणि पिशवी एवढेच ठेवतात.

बोधिसत्त्वांनी लाखाचे पात्र हजारात घेतले, मग त्यांच्यात आणि लोभी व्यापाऱ्यात फरक कोणता, अशी शंका कोणी घेईल. फरक हा की, खरी किंमत त्यांनी आधी उघड केली. दोघींनी जे दिले ते जाणून दिले. संमती ज्ञानपूर्वक असेल तरच ती संमती, हा विचार येथे स्पष्ट आहे.

परंतु या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. शील हा ज्याचा त्याने घ्यावयाचा संयम आहे. लोभी व्यापाऱ्याचा शेवट जातकात हृदय फुटून होतो. पण फसवली गेलेली आजी दाद कोठे मागणार होती, याचे उत्तर त्या कथेत नाही. ते उत्तर कायद्याने द्यावयाचे असते.

‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’

इंग्रजी राजवटीत जे कायदे झाले त्यांनी हे उत्तर अर्धवटच दिले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत खोट्या वजनमापांसाठी स्वतंत्र प्रकरण होते. पण १८७२ च्या करार अधिनियमाने, बोलण्याचे कर्तव्य नसेल तेथे केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, अशी भूमिका घेतली. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचा पायाही, काही अपवाद सोडता, ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’ हाच होता. ज्याला पाहता येते, वाचता येते, तपासता येते, त्याच्यासाठी हे तत्त्व ठीक. इतरांनी काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील कुणब्यांनी १८७५ साली दिले. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव सुरू झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. रोख्यात काय लिहिले आहे हे अंगठा उठविणाऱ्याला कळत नसे. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या अज्ञानावर कोण कसे जगते, याची जी मांडणी केली, ती याच काळातील.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायालयास रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर करावा, सावकाराने पावती व हिशेब द्यावा, अशा तरतुदी केल्या. कागदावर सही आहे म्हणून व्यवहार न्याय्य ठरत नाही, ही जाणीव येथे कायद्यात शिरली. तिचे महत्त्व आम्ही मोठे मानतो.

पायरीखालचे गिऱ्हाईक

यापलीकडे एक अंतर होते, ज्याचा ग्राहक चळवळीच्या इतिहासात फारसा उल्लेख होत नाही. अनेक गावांत अस्पृश्य गिऱ्हाइकाने दुकानाच्या पायरीखाली उभे राहायचे, नाणे जमिनीवर ठेवायचे आणि दुकानदाराने वरून टाकलेला माल पदरात झेलायचा, अशी रीत होती. त्याला वस्तू हाताळता येत नसे, तराजूजवळ जाता येत नसे. दांडी कोणी दाबली, शीग कोणी मोडली, हे त्याने पाहायचे कसे? ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’ हे तत्त्व ज्याला पाहण्याचीच मनाई आहे त्याला लावणे म्हणजे क्रूर थट्टा होय. बुद्धघोषांचा पटिच्छन्नकूट दांडीच्या पोकळीत होता. येथे सारी समाजव्यवस्थाच ती पोकळी होती.

म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मधील ‘दुकाने’ हा शब्द आम्हांस ग्राहकहक्काच्या इतिहासातील पहिला शब्द वाटतो. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा न्हाव्याचे, परटाचे दुकान यात येते काय, अशी विचारणा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खुलासा केला तो असा की, दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. सेवा मागण्यास येणाऱ्या कोणासही जेथे मालक सेवा देण्यास तयार असतो, ते दुकान. १९८६ च्या ग्राहक कायद्यात वस्तूबरोबर ‘सेवा’ आली, त्याच्या जवळपास चार दशके आधीचा हा खुलासा आहे.

१९५५ च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमाने हाच विचार दंडनीय केला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. त्याच्या सहाव्या कलमानुसार, इतर गिऱ्हाइकांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर माल विकला जातो, त्याच वेळी, त्याच ठिकाणी व त्याच अटींवर तो अस्पृश्यतेच्या कारणास्तव नाकारणे हा गुन्हा आहे. पायरीखालचे गिऱ्हाईक तराजूपर्यंत आणण्याचे काम या कलमाने केले.

अनुचित व्यापारी प्रथा

तराजूशी पोहोचलेल्या ग्राहकाला तराजूच्या आतले दाखविणे, हे पुढचे काम. १९५६ च्या कायद्याने देशभर दशमान वजनमापे आणण्याचा पाया घातला. १९७६ च्या वजनमाप अधिनियमाखाली १९७७ साली बंद वेष्टनातील वस्तूंचे नियम झाले. वेष्टनावर निव्वळ वजन, किंमत आणि उत्पादकाचे नाव छापणे बंधनकारक झाले. याचसाठी सध्या २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम आहे. तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला.

व्यापारातील लबाडी मात्र वजनापुरती नसते. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियमात खोट्या जाहिरातीविरुद्ध ग्राहकाला संरक्षण नव्हते. मक्तेदारीला आळा घातला की ग्राहकाचे आपोआप रक्षण होते, हे गृहीतक चुकीचे असल्याचे न्या. राजिंदर सच्चर समितीने १९७८ च्या अहवालात दाखवून दिले. त्यानुसार १९८४ साली ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही संज्ञा कायद्यात आली : दर्जाविषयी खोटे विधान, जुन्याला नवे म्हणणे, फसवी सवलत, देण्याचा हेतू नसलेली बक्षिसे. नकली वस्तू खरी म्हणून दाखविणे, याला अट्ठकथा ‘निकति’ म्हणते. पंधराशे वर्षांचे अंतर ओलांडून दोन याद्या एकमेकींना ओळखतात.

याच सुमारास महाराष्ट्रात लोकशक्तीही उभी राहिली होती. मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना १९७५ ची. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशी तीन पातळ्यांची यंत्रणा निर्माण केली. तेथे वकिलावाचून स्वतः तक्रार मांडता येऊ लागली. सेरिवाच्या आजीला जे दार नव्हते, ते हे.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या अधिनियमाने दोन पावले पुढे टाकली. ग्राहकाला आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि एकतर्फी अटींच्या ‘अनुचित करारा’विरुद्ध राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे दाद मागता येते. सुप्याच्या रोख्यांची आठवण व्हावी अशी ही तरतूद आहे. मालाची पावती न देणे हीदेखील आता अनुचित प्रथा ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संगणक व मोबाइलच्या पडद्यावरील फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढून तेरा प्रकार नमूद केले. शेवटच्या पायरीवर नवी आकारणी दाखविणे, ग्राहकाने न मागितलेली वस्तू त्याच्या खरेदीत घुसविणे, ‘आता थोडेच उरले’ अशी खोटी घाई करणे, हे त्यांपैकी काही. पोकळ दांडीतील लोखंडाचा भुगा आता पडद्यामागे सरकतो, एवढाच फरक.

उपसंहार

या इतिहासातून आम्हांस जे दिसते ते थोडक्यात असे. मापातले पाप केवळ विकणाऱ्याच्या लोभाने होत नाही. घेणाऱ्याला तराजूपासून दूर ठेवल्याने ते शक्य होते. ते अंतर कधी निरक्षरतेचे असते, कधी जातीचे, कधी यंत्राचे. शील विकणाऱ्याचा हात आवरते, कायदा घेणाऱ्याला जवळ आणतो. दोहोंपैकी एकानेच भागेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. आजही ऊस उत्पादक शेतकरी ‘काटामारी’ची तक्रार करतो, तेव्हा तो अंगकूटाचीच तक्रार करीत असतो, आणि ती मिटविण्यास काट्यावरच्या माणसाचे शील जितके हवे, तितकाच काटा तपासून घेण्याचा शेतकऱ्याचा हक्क हवा.

म्हणून विहारात पंचशीलाचे विवेचन करताना दुसऱ्या आणि चौथ्या शीलाखाली तुलाकूटाचाही अर्थ सांगितला जावा, आणि त्याच बैठकीत पावती का घ्यावी, वेष्टनावर काय वाचावे, जिल्हा आयोगाकडे तक्रार कशी लिहावी, हेही शिकविले जावे, असे आम्ही सुचवितो. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडील तक्रारीस शुल्क नाही. ज्यांच्या आजोबांनी पायरीखालून माल झेलला, त्यांच्या नातवंडांनी तरी काट्याचा आकडा स्वतः पाहूनच पैसे मोजावेत.