कूटचा वेढा आणि घोड्याचे मांस

* कूट : मेसोपोटेमियातील (आजचा इराक) तैग्रिसकाठचे गाव. पहिल्या महायुद्धात ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तुर्की फौजेने येथे ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सहाव्या (पूना) डिव्हिजनला वेढून ठेवले. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. रसद संपत आली तसे घोडे कापले जाऊ लागले. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. बहुतेक हिंदी शिपायांनी कितीतरी आठवडे नाकारले. टाउनशेंडने बिनतारी यंत्रावरून हिंदुस्थानातील धर्मगुरूंची अनुमती मागवली. ती आली, तरी पुष्कळांचे मन वळेना. याला आडमुठा हट्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गावी कळले तर आपल्याला वाळीत टाकतील, मुलींना स्थळे मिळणार नाहीत, ही त्यांची धास्ती होती. दूरच्या पंडिताने दिलेली मुभा भावकी मानेलच असे नव्हते, आणि जगले-वाचले तर नांदायचे होते त्याच भावकीत. एप्रिलमध्ये बहुतेकांनी अखेर ते मांस घेतले. तोवर स्कर्व्हीने अनेकांची शरीरे पोखरली होती. शरणागतीनंतर ही खंगलेली माणसे वाळवंटातून पायी कैदेत नेली गेली. – सं.